बाळंतविड्यातलं पुस्तक

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने खरं बोलायचं ठरवलं, तेव्हा वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझं ठाम मत आहे. पेरणीची आणि वेचणीची घाई असलेल्या माणसाला स्वतःच्या मनाचे पापुद्रे सोलत बसायला सवड होत नाही. आमच्या जावईबुवांना ती भरपूर होती. अमरावतीला त्यांची कापसाची दलाली होती. कापूस एकाच्या शेतात पिकायचा, दुसऱ्याच्या गाठीत बांधला जायचा. मधे उभं राहून हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, एवढंच यांचं काम. ज्या माणसाचा सगळा धंदा रुमालाखाली चालायचा, त्याने उघडं बोलायचं व्रत घेतलं, याचं मला पहिल्यापासून हसू येत होतं.

त्यांना मी इथेही अहोजाहोच करणार आहे. वयाने ते माझ्याच बरोबरीचे. पण जावई म्हणजे मान, आणि आमच्या घरात मान द्यायला कोणी कधी कुचराई केली नाही. मान देऊनसुद्धा माणसाविषयी काय वाटतं ते सांगता येतं.

परवा आमच्या आळीतले पेन्शनीत निघालेले मास्तर जावईबुवांचं ते जुनं पुस्तक हातात घेऊन आले. स्वतःच्या नात्यागोत्यांविषयी लिहिलेले निबंध आहेत त्यात. मित्र, बाप, बायको, शेजारी, गुरू, एकेकावर एकेक. मास्तरांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, "काय हा निर्भीडपणा! आपल्याच माणसांविषयी असं लिहायला छाती लागते." मी म्हटलं, छाती नाही लागत हो, आपली माणसं वाचणार नाहीत अशी खात्री लागते. म्हातारी विधवा बाई, तिला साहित्यातलं काय कळणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते पुस्तक अकोल्यात पहिल्यांदा मोठ्याने वाचलं ते मी. तेव्हा ते कसं वाचलं गेलं आणि त्याचं काय झालं, हे मास्तरांना सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवते.

माझे वडील अकोल्याला पुराणिक होते. मोर्णा नदीच्या अंगाला आमचं मातीच्या धाब्याचं घर. मुलगा नव्हता, दोघी मुलीच. माझा नवरा मी लहान असतानाच गेला, आणि पुढे वयात आल्यावर डोक्यावर वस्तरा फिरला. देवळात पुराण सांगून वडिलांचा घसा बसायचा, मग घरातल्या बायकांची दुपारची पोथी कोण वाचणार, म्हणून त्यांनी मला बाळबोध वाचायला शिकवलं. शिकवताना एकच अट घातली. पोथीतलं अक्षर गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही. बहीण माझ्याहून बरीच लहान. तिला अक्षर शिकवायची गरज वाटली नाही, कारण तिला नवरा होता.

बहिणीच्या पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायला मी आणि वडील अमरावतीला गेलो. दूर कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती म्हणे, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांसाठी साहेब लोक धावत होते. बडनेऱ्याच्या पुढे रस्ताभर कापसाने लादलेल्या बंड्याच बंड्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवलेल्या. आमच्या दमणीच्या बैलांना वाट मिळेना. धुळीने माझं लाल लुगडं मातकट झालं आणि वडील खोकून हैराण झाले.

जावईबुवांचं घर अंबेच्या देवळाच्या अलीकडे. दर्शनी खोलीत टेबल, खुर्ची, छताला टांगलेला काचेचा दिवा. पुण्याला दोन वर्षं राहून आल्यापासून ते खुर्चीखेरीज बसत नसत आणि 'मले', 'तुले' सोडून 'मला', 'तुला' असं जपून बोलत. संध्याकाळी मित्र जमायचे. कचेरीतले कारकून, दोन वकील, शाळेतले एक पंतोजी. जावईबुवा उभं राहून आपला निबंध वाचायचे. विषय होता सत्य. माणूस आपल्या जवळच्यांशी खोटं वागतो, मी आजपासून खोटं वागणार नाही, असं काहीतरी. मंडळी माना डोलवायची. एक वकील तर म्हणाला, वऱ्हाडात असा माणूस झाला नाही. आत माझी बहीण अवघडलेलं पोट घेऊन या सत्यवाद्यांसाठी विडे लावत बसली होती. तिच्या पायांना सूज आली होती. ती सूज कोणाच्या निबंधात नव्हती.

मंडळी गेल्यावर जावईबुवा आत आले. हातात शिसपेन आणि कागद. मला म्हणाले, "अक्का, एक विचारू का? रागावू नका. केशवपनाचं आपल्याला दुःख होतं का? अगदी खरं सांगा. मला मनुष्यस्वभावाचा अभ्यास करायचा आहे."

वस्तरा फिरला त्या दिवशी घरातलं कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला तो या माणसाने, जेवायच्या आधी, शिसपेन हातात धरून.

मी म्हटलं, "उनाळ्यात डोस्कं थंड राह्यते. तुमी बी करून पाहा."

त्यांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! बहिणीने तोंडात पदर कोंबला.

परतीच्या वाटेवर दमणीत वडील पेंगत होते. मी तिला नवऱ्यावरून चिडवायला लागले, तर ती म्हणाली, "नको ना अक्का. तसे वाईट नाई ते. दिवसा बोलत नाईत, पण रात्री इचारतात मले. तुले काय वाटते म्हनून. मले आजवर कोनी इचारलंच नव्हतं."

"मंग तू काय सांगतं?"

"जे वाटते ते सांगतो," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. तिच्या तोंडावर असं समाधान मी आधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यापुरतं मला जावईबुवांविषयी बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. तसं फार वेळा वाटलं नाही.

पौषात तिला मुलगी झाली. मुलगी झाली म्हणून की कापसाचा हंगाम ऐन भरात होता म्हणून, बाप बघायला आला नाही. दीड महिन्याने अमरावतीहून बाळंतविडा आला. खारका, डिंक, सुकं खोबरं, लेकराला कुंची, चांदीचे वाळे, बहिणीला जरीकाठी लुगडं. सगळ्यांच्या वर, नारळाशेजारी, लाल रेशमी फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक. मुंबईला छापून आलेलं. नाव संस्कृतात आणि इतकं लांब, की मी पहिलं पान उघडून ते वाचेपर्यंत आईचे हात आपोआप जोडले गेले.

"जवाईबुवाइनं पोथी धाडली वो!" आई म्हणाली. "लेकरासाठी पोथी धाडली."

तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे लाल फडक्यात गुंडाळून, नारळाबरोबर जे येतं ते पोथीच असतं. माणसाने स्वतःविषयी लिहिलेलं लाल रेशमात गुंडाळून बाळंतिणीला पाठवावं, हे आईच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. पुस्तक खरं तर वडिलांसाठी होतं. सासऱ्याने वाचावं आणि देवळात चार लोकांना सांगावं, असा बेत. बायकांच्या कानावर ते जाईल, हे त्या मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकाच्या डोक्यातही आलं नाही.

मी सोवळ्याने चूल सांभाळत होते, तोवर आईने ओसरीवर पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि तळहातावर पाणी घेऊन नातीच्या नावाने संकल्प सोडून मोकळी झाली. रोज एक अध्याय, संपेपर्यंत. मी बाहेर आले आणि आतली पानं चाळली.

"आई, ही पोथी नाई."

"छापेल हाये ना? बाळबोध हाये ना?"

"हाये."

"मंग? पानी सोडलं मी. आता काय लेकराच्या नावाचं अर्ध्यात ठेवतं?"

पोथी बसवली आणि मधेच ठेवली, तर ज्याच्या नावाने बसवली त्याला ते बाधतं, हे आमच्या घरात सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. पाळण्यात दीड महिन्याचं लेकरू. त्याच्याकडे बघून मीही 'नाही वाचत' म्हटलं नाही. तुम्ही म्हटलं असतं तर तुमचं काळीज माझ्यापेक्षा मोठं.

दुपारी बायका जमल्या. आई, बाळंतीण, आळीतल्या दोघीतिघी आणि शेजारची पाटलीण. या पाटलिणीची काळी कसदार जमीन होती आणि त्या दोन वर्षांत तिच्या अंगावर इतकी चांदी चढली होती, की ती बसली की आवाज व्हायचा. प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. अध्याय संपला की त्या पोथीवर टाकायच्या.

पहिला निबंध मैत्रीवर होता. ज्या मित्राने त्यांना कापसाच्या धंद्यात आणलं, त्याचा त्यांना मत्सर वाटायला लागला. मग त्यांनी बाजारात हळूच कुजबूज सोडली, की हा गाठी बांधायच्या आधी वजन वाढवायला कापसावर पाणी मारतो. मित्राचा धंदा बसला, तो गाव सोडून गेला. हे सगळं खोटं होतं, मी नीच आहे, मी त्या रात्री रडलो, असं चार पानं. वाचताना मलाही वाटलं, कबूल तरी केलं.

पाटलिणीने विचारलं, "मंग त्या मित्राले जाऊन सांगतलं का ह्यानं? का, बापा, माह्यामुळं झालं?"

मी पुढची ओळ पाहिली, मागची पाहिली. "नाई. तसं काई लिहेल नाई."

"मंग हे कोनाले सांगून राहिला?"

आई म्हणाली, पोथीच्या मधे बोलू नये. पण पाटलिणीचा प्रश्न बरोबर होता. ज्याचं नुकसान केलं त्याला सोडून साऱ्या मुलखाला सांगितलं होतं, आणि मुलखाने त्याबद्दल पाठ थोपटली होती. बायकांनी अक्षता टाकल्या. सवयीने टाकल्या.

दुसऱ्या दिवशीचा निबंध बापावर. खोटं कशाला बोलू, तो चांगला होता. बाप गेला त्या दुपारी आपल्याला दुःख झालं नाही, नुसती भूक लागली, आणि शेजाऱ्यांच्या घरून भाताचा वास आला तेव्हा तोंडाला पाणी सुटलं म्हणून आपण भिंतीकडे तोंड करून बसलो, असं त्यात होतं. माझा नवरा गेला तेव्हा मीही लहान होते आणि मलाही भूक लागली होती. मला ते वाचताना थांबावं लागलं. आई तर डोळे पुसत होती. तो निबंध त्या माणसाने कसा लिहिला, हे मला अजून कळलेलं नाही. पुस्तकात तसा एकच आहे.

तिसरा दिवस. निबंधाचं नाव भार्या.

नाव एकाही माणसाचं नव्हतं. नाव घेतलं नाही की झाकलं गेलं, अशी त्यांची समजूत असावी. पण अकोल्याच्या एका पुराणिकाची कनिष्ठ कन्या, असं लिहिल्यावर अकोल्यात नावाची गरज कोणाला पडते? बायका लेकराला पाजत बसलेल्या माझ्या बहिणीकडे बघायला लागल्या. तिने मान वर केली नाही.

भार्येच्या टाचा भेगाळलेल्या आहेत. भार्या जेवताना आवाज करते. भार्या 'मले', 'तुले' म्हणते तेव्हा कानावर दगड पडल्यासारखं होतं. तिच्याजवळ असताना धर्मशाळेत एकटं असल्यासारखं वाटतं. म्हणून लेखक एका गल्लीत एका गाणारणीकडे जातो, तिला मन आहे. हे पाप आहे हे लेखकाला माहीत आहे, आणि आपण ते इतक्या धीटपणे सांगतो आहोत याचं त्याला थोडंसं कौतुकही आहे. ते कौतुक ओळीओळीतून गळत होतं. जेवल्यावर पोटावरून हात फिरवावा तसं हा माणूस आपल्या पापांवरून हात फिरवत होता.

माझा आवाज चढला असावा. आई म्हणाली, "पुरे आजचं. माह्या डोस्क्यात कळ येऊन राहिली."

"अध्याय पुरा नाई झाला," बहीण म्हणाली. "वाच अक्का. मले काई होत नाई."

आणि खरंच तिला काही झालं नव्हतं. टाचा, आवाज, गाणारीण, सगळं तिने मिठाची वाटी पुढे सरकवावी तसं बाजूला सारलं होतं. नवऱ्याकडून एवढं ऐकून घ्यायची आमच्या बायकांना तयारी असतेच. मी पान उलटलं.

वाचणाऱ्याची नजर जिभेच्या पुढे धावते. पुढचं वाक्य मला आधी दिसलं आणि मी थांबले.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

गाळता आलं असतं. कोणाला कळलं नसतं, ओसरीवर दुसरं कोणी वाचणारं नव्हतं. पण आयुष्यात अक्षर गाळलं नव्हतं, आणि ते वाक्य माझ्याविषयी होतं. मी ते वाचलं.

एकदा भार्येने रडत रडत त्यांना एक गोष्ट सांगितली, असं त्यात होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं केशवपन झालं तेव्हा ती लहान होती. ती इतकी भ्याली, की वर्षभर बहिणीच्या हातचं जेवली नाही, तिच्याजवळ बसली नाही. आणि आजही भल्या पहाटे अंधुक उजेडात ते बोडकं डोकं समोर आलं की तिच्या छातीत धस्स होतं, मग स्वतःची लाज वाटते. हे तिने कोणाला कधी सांगितलेलं नाही. यापुढे पानभर व्याख्यान होतं. दुष्ट रूढी सख्ख्या बहिणींमधली मायाही कशी नासवते, याचं हे उदाहरण. विचार चांगलाच होता. मास्तरांना विचारा, ते सांगतील, सुधारणेचा विचार होता.

मला लागलं. लहानपणचं मला ठाऊक होतं. ती माझ्या हातचा घास तोंडातून काढून टाकायची, ते काय मी पाहिलं नव्हतं? लेकराला भीती वाटते, वाटू दे, म्हणून मी आईला वाढायला लावत असे. पण 'आजही' हे मला ठाऊक नव्हतं. रोज पहाटे मीच तिला शेक द्यायला उठवत होते.

बहिणीने लेकरू आईच्या मांडीवर टाकलं आणि माझ्यापाशी आली. पाटावरच्या पुस्तकाला तिचा पाय लागला, तरी तिने नमस्कार केला नाही. माझ्या मांडीवर तोंड खुपसून ती अशी रडली, की पाळण्यापाशी निजलेलं मांजरही उठून गेलं.

"मी त्याइच्या कानात सांगतलं होतं अक्का," एवढंच ती परत परत म्हणत होती. "कानात सांगतलं होतं वो."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. राग मला तिचा नव्हता. भीती कोणाला विचारून येत नाही. राग होता तो त्या माणसाचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी काय वाटतं म्हणून विचारलं, तेव्हा या पोरीने मनाच्या तळातलं सगळ्यात अवघड होतं ते काढून त्याच्या हातावर ठेवलं, आणि त्याने ते मुंबईला छापायला पाठवलं.

बायकांच्या मुठी मिटलेल्याच होत्या. शेवटी पाटलीण म्हणाली, "आता ह्या अक्षता पुस्तकावर टाकाच्या का लिवनाऱ्याच्या डोस्क्यात घालाच्या?" आणि उठता उठता म्हणाली, "आमचा पाटील लय वंगाळ मानूस. पन मी रडत रडत सांगतलेली गोठ बजारात नाई सांगत." तिने आपल्या अक्षता आईच्या मांडीवरच्या लेकरावर टाकल्या. बाकीच्यांनीही तसंच केलं.

उरलेले निबंध मी ओसरीवर एकटी बसून तोंडातल्या तोंडात संपवले, लेकराच्या नावाचा संकल्प होता म्हणून. गुरूवर एक होता, शेजाऱ्यावर एक होता. कोणाला सोडलं नव्हतं.

मग वडिलांनी पुस्तक वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "नाव कुठं घेतलं त्याइनं?" माझे वडील. आयुष्यभर देवळात सीतेचं दुःख सांगताना जे स्वतः रडायचे ते.

बहिणीने सांगितलं, मी नाही जाणार. तिसऱ्या महिन्यात बाळंतिणीला सासरी धाडायचं असतं. वडील आधी समजावत होते, मग ओरडले. एक लेक विधवा म्हणून घरात, दुसरी नवरा असून घरात, लोकांना काय सांगू? नवरा मारत नाही, उपाशी ठेवत नाही, अमरावतीत मान आहे. पुस्तकात लिहिलं म्हणून कोणी नवरा सोडतं का? नवऱ्याने कानातलं बाहेर सांगितलं, ही तक्रार तिने कोणत्या पंचांपुढे मांडायची? तिने गाठोडं बांधलं. मीच बांधू लागले तिला. वडिलांच्या घरात आम्ही दोघी किती दिवस त्यांच्या मर्जीविरुद्ध राहणार होतो?

जावईबुवा स्वतः न्यायला आले. दमणीत गाद्या, अंगावर शाल. वडिलांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. गुळपाणी घेऊन पहिला प्रश्न काय विचारला असेल? लेकराचा? "पुस्तक पोचलं ना? वाचलंत का?"

"बायकाइनं वाचलं," वडील म्हणाले. "ओसरीवर. मोठ्यानं."

त्यांचा चेहरा उतरला. तेवढा मला बघायला मिळाला, दाराआडून. बहीण लेकराला घेऊन उंबऱ्यात उभी होती, गाठोडं तिच्या पायाशी. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते रडले. वडिलांसमोर, उघड रडले. म्हणाले, "मी अपराधी आहे. तू माझ्यावर विश्वास टाकलास आणि मी तो चव्हाट्यावर मांडला. मला हे आधी कळायला हवं होतं."

खोटं नव्हतं ते रडणं. माझ्यासारखीलाही क्षणभर वाटलं, की या माणसाच्या आत कुठेतरी माणूस आहे. बहीण हलली. एक पाय तिने उंबऱ्याबाहेर टाकला. आईने सुटकेचा श्वास टाकला, मला ऐकू आला.

मग ते म्हणाले, "तू ते वाक्य ऐकलंस, तेव्हा तुला नेमकं काय वाटलं? मला सगळं सांग. काही झाकू नकोस. दुसऱ्या भागात मी ते जसंच्या तसं घालीन. माझी फजिती झाली तरी चालेल."

त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. आणि ते पाणी असतानाच तिथे दुसरंही काहीतरी चमकायला लागलं होतं. अमरावतीला संध्याकाळी मंडळी माना डोलवायची, तेव्हा जे चमकायचं ते.

बहिणीने पाय आत घेतला.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर बायको नवऱ्याशी बोलत नाही. सांगायचं असलं तर लेकराला सांगते. ज्याने ऐकायचं तो ऐकतो. हे वऱ्हाडात जन्मलेल्या कुठल्याही पुरुषाला समजावून सांगावं लागत नाही. तिने लेकराची कुंची सारखी केली, त्याला छातीशी उचललं आणि स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांग वो बाई तुह्या बाबाले. एक डाव सांगतलं होतं तुह्या मायनं. आता नाई सांगत."

आणि ती आत गेली.

वडिलांनी मान खाली घातली. मग खाकरून म्हणाले, "लेकराले खोकला झाला हाये. पुढच्या महिन्यात पाहू." लेकराला खोकला नव्हता. जन्मात माझ्या वडिलांनी एवढं धीट खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ काही माफ केलं. पुढचा महिना कधी आला नाही. लेक आमच्याकडेच वाढली.

पुढे लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला, आणि दलालांना सवडच सवड झाली. दुसरा भाग निघाला. या वेळी तो आम्हांला कोणी पाठवला नाही. मी मागवून घेतला आणि एका दुपारी बहिणीला वाचून दाखवला. त्यात वियोगावर मोठा निबंध आहे. अकोल्याची धूळ आहे, परतीच्या वाटेवर रिकाम्या दमणीत गाळलेले अश्रू आहेत, सासऱ्याची पडलेली मान आहे. माझ्या बहिणीविषयी एवढंच आहे, की ती उंबऱ्यात उभी राहिली, लेकराशी काहीतरी लाडाचं पुटपुटली आणि एक शब्दही न बोलता आत निघून गेली.